जिची तसबीर काढायची नसते

मी अकरा वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि मग नवऱ्याच्या नोकरीमागोमाग मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आले. माझ्या व्हिसावर नोकरी करण्याची परवानगी नव्हती. विनावेतन शिकवण्याला मात्र कोणाची हरकत नव्हती, म्हणून घराच्या बेसमेंटमध्ये मी रविवारची मराठी शाळा सुरू केली: नऊ मुले, एक पांढरा फळा आणि सकाळचे दोन तास. मुलांच्या आयांनी मला परस्पर ‘मावशी’ ठरवून टाकले होते. मी पहिल्याच रविवारी सांगितले की वर घरात मावशी, खाली वर्गात ‘बाई’. हा भेद मुलांनी इतका काटेकोर पाळला, की जिन्याच्या मधल्या पायरीवर कोणाला पाणी हवे झाले तर हाक कोणती मारावी यावर त्यांच्यात वाद होई.

२००४ सालच्या महिला दिनाला जोडून मी एक कार्यक्रम आखला. आखला म्हणजे आमच्या साताऱ्याकडच्या शाळेत होत असे तसाच, एकही बदल न करता, उचलून आणला. प्रत्येक मुलाने एक थोर स्त्री निवडायची, तिचा वेश करायचा आणि ‘मी अमुक बोलते आहे’ अशी सुरुवात करून, तिच्याच तोंडून, चार मिनिटांत तिची गोष्ट सांगायची. मागे टेबलावर त्या सर्व स्त्रियांच्या तसबिरी मांडायच्या आणि आरंभी पाहुण्यांच्या हस्ते प्रत्येक तसबिरीला हार घालायचा. ज्याची शाळा महाराष्ट्रात झाली, त्याला यातले काहीही नव्याने समजावून सांगावे लागत नाही.

मुलांनी निवड केली ती बहुतेक अपेक्षेप्रमाणे. दोन राण्या आल्या, मुलींची शाळा काढणाऱ्या बाई आल्या, समुद्र ओलांडून डॉक्टर झालेली तरुणी आली. मग पाळी आली गालिच्याच्या कडेला, भिंतीला टेकून बसणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलीची. तिचे वडील रत्नागिरीकडचे, मोटारींचे सीटबेल्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. कोकणी मुसलमानांचे ते कुटुंब घरात अजूनही आपली बोली बोलत असे, त्यामुळे तिची मराठी माझ्या वर्गात सर्वांत मोकळी होती.

“बाई, मी पैगंबरांच्या पहिल्या बायकोबद्दल बोलू? दादीनं मला सगळं सांगितलंय.”

दादी म्हणजे तिच्या वडिलांची आई. सहा महिन्यांसाठी आलेल्या दादी कार्यक्रमानंतरच्या गुरुवारी परत जाणार होत्या.

“तिला जायच्या आधी ऐकवायचंय,” ती म्हणाली. “सगळं मराठीत. नो इंग्लिश.”

“अवश्य,” मी म्हणाले आणि वहीत नोंद केली.

नोंद केल्यावर मला जाणवले, की त्या स्त्रीबद्दल मला जवळजवळ काहीच माहीत नाही. मी शिकवत असलेल्या पाठ्यपुस्तकात इस्लामच्या उदयाला दीड पान होते आणि त्या दीड पानात तिला एक वाक्य. विद्यार्थिनीने निवडलेला विषय शिक्षिकेला तिच्यापेक्षा कमी ठाऊक असणे माझ्या नियमात बसत नव्हते. दुसऱ्याच दिवशी गावातल्या लायब्ररीतून मी तीन पुस्तके आणली आणि कार्डांवर टिपणे काढू लागले.

टिपणे काढायला बसले खरी, पण कार्डांवर प्रश्नच अधिक जमले. सहाव्या शतकातल्या मक्केत एक विधवा स्त्री स्वतःच्या नावावर व्यापार करत होती, ते कसे? तिचे तांडे दूर सीरियापर्यंत जात आणि ती स्वतः मक्केत राही. मग वाटेत असलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर? तिने एका तरुणाच्या प्रामाणिकपणाची ख्याती ऐकून त्याच्याकडे तांडा सोपवला. तो परत आल्यावर सोबत गेलेल्या आपल्या सेवकाकडून तिने त्याच्या वागण्याची हकीकत ऐकली आणि मग लग्नाची इच्छा स्वतः होऊन कळवली. त्या वेळी तिचे वय एका पुस्तकात चाळीस होते, दुसऱ्यात अठ्ठावीस. मी दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले.

मला सर्वांत जास्त वेळ थांबवले ते डोंगरातल्या गुहेनंतरच्या प्रसंगाने. वर्गात मी मुलांना नेहमी सांगत असे, की मोठी घटना घडली की पुढची पहिली कृती कोणी केली आणि कोणती, हे आधी शोधा. गुहेत पहिला ईश्वरी संदेश ऐकू आल्याच्या त्या विलक्षण अनुभवानंतर पती थरथरत घरी आले, मला पांघरूण घाला म्हणाले. तिने आधी पांघरूण घातले. भीती ओसरल्यावर ऐकून घेतले. मग तुम्ही नातेवाइकांना धरून आहात, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्याचा मान राखता, तुमचे वाईट होणार नाही, अशा आशयाचा धीर दिला. आणि त्यानंतर त्यांना आपल्या एका वृद्ध, जाणकार नातेवाइकाकडे नेले. आधी ऊब, मग ऐकणे, मग धीर आणि शेवटी जाणकाराचा सल्ला. हा क्रम मी कार्डावर उतरवला आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली व्यक्ती होती, हे वाक्य तिन्ही पुस्तकांत होते. पण तो विश्वास कोणत्या पायऱ्यांनी आला असेल, हे त्या क्रमावरून मला थोडेसे दिसू लागले.

एक गोष्ट मात्र तिन्ही पुस्तकांत सापडली नाही. मी शेवटच्या कार्डावर लिहिले: ‘चित्र उपलब्ध नाही. आपण काढावे.’

आठ मुलांच्या मागे तसबीर आणि नववीच्या मागे रिकामी जागा, हे मला मान्य नव्हते. मी चांगला कागद घेतला, शेडिंगच्या पेन्सिली घेतल्या आणि दोन दुपारी खर्चून चित्र काढले. डोक्यावरून घेतलेली शाल, शांत डोळे, मागे वाळू आणि उंट. क्राफ्टच्या दुकानातून इतरांसारखीच सोनेरी कडेची चौकट आणून त्यात बसवले.

नवऱ्याने चष्मा वर करून पाहिले. “चेहरा ओळखीचा वाटतोय. अगं, या तर तुमच्या हेडबाई!”

“असू देत. करारी चेहरा मला दुसरा येत नाही.”

“उंटाला मात्र पाच पाय झालेत,” तो म्हणाला. पाचवा पाय ही शेपटी आहे, हे मी त्याला समजावून सांगितले.

तालमीच्या रविवारी मी नऊही तसबिरी ओळीने मांडल्या. मुले आपापली चौकट शोधून तिच्यापुढे उभी राहिली. ती मुलगी नवव्या चौकटीपुढे आली आणि थांबली.

“बाई, हे कोण?”

“तूच सांग बघू.”

ती चौकटीच्या जवळ वाकली. मग हळूच म्हणाली, “बट शी डझंट हॅव अ पिक्चर.”

“आता आहे ना,” मी आनंदाने म्हणाले. त्या दिवशी तिने तालीम केली नाही. पोट दुखते म्हणाली, आणि मी तिला ओवा दिला.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. “वहिनी, एक प्रॉब्लेम झालाय. त्या रविवारी आम्ही शिकागोला चाललोय. तिचं नाव कॅन्सल करा, प्लीज.”

“दादींच्या फ्लाइटला चार दिवस राहिलेले असताना?”

“हो, म्हणजे… तेच. जायच्या आधी त्यांना जरा फिरवून आणू.”

मी पुष्कळ सबबी ऐकल्या आहेत. खऱ्या अडचणीत माणूस न विचारता तपशील देतो. सबबीत तो वाक्य लवकर संपवतो. सहा आठवडे तयारी केलेली मुलगी ऐन वेळी गळत होती, आणि जिच्यासाठी तयारी केली ती आजी नऊ दिवसांत जाणार होती. कारण माझ्या बेसमेंटमध्येच कुठेतरी होते, एवढे मला कळले. शनिवारी मी ती तसबीर कागदात गुंडाळून घेतली आणि त्यांच्या घरी गेले.

दार दादींनी उघडले. स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल. त्यांची बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, म्हणून मी ती साध्या मराठीत देते. “या बाई, आत या. हे बर्फ कधी संपायचं हो? तीन महिने झाले, जमीन म्हणून बघितली नाही.”

तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणे आणि नारळाचे दूध समोर आले. मुलगी सोफ्याच्या पाठीमागे उभी होती, तिचे वडील समोर बसले. मी कागद सोडला आणि चौकट दादींच्या हातात दिली.

“हे तुम्ही काढलंत? हातानं?”

“होय.”

“चेहरा कुणाचा?”

मी खरे ते सांगितले. “आमच्या मुख्याध्यापिकांचा.”

दादी इतक्या हसल्या, की शाल खांद्यावरून घसरली. “मग खाली त्यांचंच नाव लिहा! त्यांनाच घाला हार!”

“माझं काही चुकलं का?”

“चुकलं. पण राग नाही. तुम्ही मानानंच केलंत.” त्यांनी चौकट पालथी करून शेजारी ठेवली. “आमच्यात पैगंबरसाहेबांचं चित्र नसतं, त्यांच्या घरच्यांचं नसतं. ती तर आमची आई. सगळ्यांचीच आई म्हणतात तिला.”

“पण का नसतं?” मी विचारले. त्या क्षणी त्या खोलीत विद्यार्थिनी मी होते, आणि मला ते आवडत होते.

“चित्र भिंतीवर लागलं की माणूस त्याच्यापुढं उभा राहतो. उभा राहिला की हात जोडतो. मग ती काय करून गेली ते राहतं बाजूला. तुम्ही हार घालणार होतात ना?”

“होय. पाहुण्यांच्या हस्ते.”

“मग बघा,” दादी म्हणाल्या आणि मला आणखी एक सांदण वाढले.

मी मुलांना दर वर्षी शिकवत असे, की जुन्या काळाचा अभ्यास करताना जे सापडत नाही त्याचीही नोंद घ्या, कारण नसण्यालाही कारण असते. तीन पुस्तकांत चित्र नव्हते, तेव्हा मी ती प्रकाशकांची हयगय समजले होते.

“आणि ते ‘मी अमुक बोलते आहे’,” दादी पुढे म्हणाल्या, “ही एवढीशी पोर उभी राहून म्हणणार, मी त्यांची बायको? तोबा! तिचं सोंग घ्यायचं नसतं.”

“बाई, मी उंट झाले तर चालेल?” सोफ्यामागून आवाज आला. “उंटाला सगळं दिसतं. ही वॉज देअर.”

“उंटाला मराठी येते का गो?” दादींनी विचारले.

मी वही काढली आणि बदल एकेक करून वाचून दाखवले. तसबीर नाही. वेश नाही. ‘मी’ ऐवजी ‘त्या’. दादींनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मुलगी सोफ्याला वळसा घालून पुढे आली. मला वाटले, काम झाले.

“वहिनी, गैरसमज करू नका,” तिचे वडील म्हणाले. “चित्राचं अम्मीला वाटत होतं. माझं कारण वेगळं आहे.” ते शब्द शोधत होते. “ऑफिसात दर चार दिवसांनी कोणीतरी मला काहीतरी एक्सप्लेन करायला सांगतं. टीव्हीवर काही आलं की माझ्याकडं बघतात. एअरपोर्टचं तर सोडूनच द्या. वीकएंडला मराठी लोकांत आलो, की मी फक्त रत्नागिरीचा असतो. आंबे कसे पाठवायचे, एवढंच विचारतात लोक. ते मला घालवायचं नाहीये. ही स्टेजवर हे बोलली, की कोणीतरी हात वर करणार, आणि मग मी पुन्हा तोच.”

“कुणासाठी घाबरतोस रे?” दादी म्हणाल्या. “मी गुरुवारी जाणार. परत येणं होईल की नाही, अल्लाला ठाऊक. माझी नात माझ्या भाषेत आमच्या आईची गोष्ट सांगतेय, आणि तू ती अडवतोस, कुणासाठी? चकल्या खायला जमलेल्या चार माणसांसाठी?”

“अम्मी, तीच चार माणसं आहेत मला इथं.”

प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे, हा माझाच नियम होता. मी म्हणाले, “हिच्या वेळी प्रश्नोत्तरे ठेवणार नाही.”

“नो!” मुलगी म्हणाली. “मग त्यांना कसं कळणार, मला सगळं येतं म्हणून?”

तिच्या वडिलांनी कपाळावर हात फिरवला. “बघू,” ते म्हणाले. मी ‘बघू’ घेऊन घरी परतले. हा होकारही नव्हता आणि नकारही. माझ्या हजेरीपटात त्याला रकाना नव्हता. तसबीर मात्र दादींच्या सूचनेप्रमाणे मी मुख्याध्यापिकांना पोस्टाने पाठवून दिली.

कार्यक्रम एका प्राथमिक शाळेच्या कॅफेटेरियात होता. टेबलावर आठ तसबिरी होत्या. नववी जागा कशी भरावी याचा मी आदल्या रात्री बराच विचार केला होता: फुलदाणी ठेवावी का, नकाशा ठेवावा का. शेवटी मी काहीही ठेवले नाही. हार घालून झाले, दोन राण्या बोलून गेल्या, डॉक्टरीण स्टेथोस्कोप विसरली आणि तो आणायला परत गेली. सातव्या भाषणाच्या वेळी मागचे दार उघडले. दादी ताठ मानेने चालत पुढच्या रांगेत आल्या. मुलगी माझ्याजवळ आली. तिचे वडील कोट न काढता दारापाशीच उभे राहिले.

तिची पाळी शेवटची होती. नेहमीचा फ्रॉक, वर निळा स्वेटर. तिने एकदा तसबिरींच्या रांगेकडे पाहिले आणि म्हणाली, “मी बोलते आहे. मी म्हणजे मीच.”

लोक हसले. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि तिसऱ्या वाक्यापासून हसणे थांबले. तिने तांडे सांगितले, लग्नाचा निरोप सांगितला, पांघरूण सांगितले. मक्केतल्या लोकांनी पैगंबरांच्या कुळाशी व्यवहार तोडले, तेव्हा श्रीमंत घरात वाढलेल्या त्यांनी उपासमार कशी सोसली, ते सांगितले. शेवट मात्र तिने माझ्या कार्डांत नसलेला केला. “त्या वारल्यावर खूप वर्षांनीसुद्धा घरात बकरं कापलं, की पैगंबर त्यातला वाटा त्यांच्या मैत्रिणींच्या घरी पाठवायचे. त्या नव्हत्या, तरी मैत्रिणी होत्या ना, म्हणून. संपलं.”

टाळ्या झाल्या. मी नियमाप्रमाणे विचारले, “कोणाला काही प्रश्न?”

मागच्या रांगेतून नागपूरच्या एका काकांनी हात वर केला. मी दाराकडे पाहिले. तिच्या वडिलांचा हात दाराच्या दांड्यावर गेला होता.

“बेटा,” काका उठून म्हणाले, “लग्नाचं त्यांनी स्वतः होऊन कळवलं म्हणतेस. मग मध्यस्थी कोणी केली?”

“त्यांच्या मैत्रिणीनं.”

काका बायकोकडे वळले. “ऐकलं? आणि तुझ्या मैत्रिणीनं काय केलं होतं? मला फोटोच दुसरीचा दाखवला!”

“आणि तरी तुम्ही मलाच हो म्हणालात, बसा आता खाली,” काकू म्हणाल्या. कॅफेटेरिया हसला. मग त्याच काकूंनी विचारले, “त्यांची कबर आहे का गं कुठं? बघता येते?”

मुलीला हे माहीत नव्हते. तिने दादींकडे पाहिले. दादी खुर्चीतूनच, भराभर, आपल्या बोलीत सांगू लागल्या. त्या हजला गेल्या होत्या. मक्केतल्या कब्रस्तानात कबर आहे, बायकांना आत सोडत नाहीत, त्यांनी बाहेरूनच पाहिली. वर घुमट नाही, नाव नाही, नुसती जमीन. कोणती नेमकी, तेही बोट दाखवून कळले नाही.

पुढे बसलेली मुले एकमेकांना विचारू लागली, “व्हॉट डिड शी से?” मुलगी इंग्रजी करू लागली आणि ‘घुमट’ या शब्दापाशी अडली.

“डोम,” दारापासून आवाज आला. “देअर इज नो डोम. नो नेम. जस्ट द ग्राउंड.”

सगळ्यांनी मागे पाहिले. तिचे वडील दोन पावले पुढे आले, मग आणखी काही, आणि आपल्या आईच्या खुर्चीमागे उभे राहिले. आता मुलांचे हात वर होऊ लागले. तिथे ऊन किती असते? आत नाही सोडलं तेव्हा दादी रडल्या का? दादी सांगत होत्या, ते इंग्रजी करत होते, आणि शब्द निसटला की मुलगी स्टेजवरून पुरवत होती. त्यांना आज कोणी काही समजावून सांगायला लावत नव्हते, असे मला म्हणता येणार नाही. समजावून तर ते सांगतच होते. पण आवाज मोकळा होता.

प्रश्नांसाठी मी पाच मिनिटे राखली होती. ती केव्हाच उलटली होती. सर्वांत लहान मुलाने, जो मघाशी राणी झाला होता आणि अजून नऊवारीत होता, हात वर केला.

“हाउ मेनी कॅमल्स डिड शी हॅव?”

“आय डोंट नो,” ते म्हणाले. “थांब, विचारतो.” आणि आईच्या कानाशी वाकले. “अम्मी, तांड्यात उंट किती होते?”

“मी मोजायला होते काय रे तिथं?” दादी म्हणाल्या, आणि मग थोडा विचार करून, मुलांकडे वळून, त्यांनी तांडा कसा निघत असेल ते सांगायला घेतले.